एकाच गिऱ्हाइकाचा बार

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. तुझंही ठीक असेल असं धरून चालतो, कारण तू काही कळवत नाहीस, आणि वाईट बातमी कधी वाटेत रेंगाळत नाही. तेव्हा काही न येणं हीच तुझी खुशाली.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो, आणि तेवढ्यात बोलणं आटोपतं. शिवाय घर लहान, आईचे कान तिखट. म्हणून हे पत्र, तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर. तुझ्या मॅनेजरने चुकून फोडलं तर त्यालाही माझा नमस्कार सांग.

आता मुद्द्याचं. मी घरात बार काढतोय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण माझी साठी उलटून बरीच वर्षं झाली, तेव्हा तेही कारण नाही. दारूचा थेंब नाही या बारमध्ये. याचं गिऱ्हाईक एकच, तुझी आई. आणि ते गिऱ्हाईक पीत नाही. हीच माझी अडचण आहे आणि तीच तुझ्यासमोर मांडायला बसलोय.

आईला हल्ली पाणी जात नाही. कंटाळा म्हण, हट्ट म्हण. डॉक्टरांनी अशक्तपणावर एक पावडर दिली आहे, ती प्रत्येक पातळ गोष्टीत घालायची. पाण्यात, चहात, दुधात, कशातही. घातली की गुठळ्या होतात, आणि चमच्याने ढवळत बसलं तर आणखी होतात. जे तयार होतं ते मी चाखून पाहिलंय. भिंतीला कागद चिकटवायला बरं पडेल. आई एक घोट घेते, ओठ मिटते आणि खिडकीकडे तोंड फिरवते. शाळेत पोरांनी गोंगाट केला की ती म्हणे अशीच फळ्याकडे वळून उभी राहायची, आणि वर्ग गप्प व्हायचा. मी आणखी काय गप्प होणार, मी तर आधीपासूनच गप्प आहे.

दिवसभरात तिच्या पोटात पुरेसं पाणी गेलं पाहिजे, एवढंच मला हवंय. बाकी कशाची हाव नाही.

तर मी काय केलं ते सांगतो. समोरच्या खोलीत खिडकीखाली आईचं वह्या तपासायचं टेबल होतं ना, ते भिंतीला घट्ट स्क्रूने बसवलं. त्याच्या कडेला एका जुन्या लिफ्टचा पितळी कठडा लावला. लिफ्ट भंगारात निघाली होती, माझ्या हाताखाली लिफ्टदुरुस्ती शिकलेल्या पोराने कठडा बाजूला काढून ठेवला होता. घासून चकाचक केला. आईला त्याला धरून उभं राहता येतं. त्याच लिफ्टचा आरसाही मिळत होता, बारच्या मागे छान दिसला असता, पण आई म्हणाली आरसा नको. तेव्हा मागे नुसती भिंत आहे.

मग काचसामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा आहे, माझ्याहून. म्हणाला, "काय देऊ?" मी म्हटलं, "बारमध्ये जे जे लागतं ते दाखवा." त्याने मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मुलाचं लग्न आहे का?" मी म्हटलं, बायकोसाठी हवंय. त्यावर त्याने खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, आणि अर्धा तास माझ्याशी अशा सुरात बोलला, जणू घरात कोणी गेलंय.

शेकर घेतला, स्टीलचा, तीन भागांचा. लांब दांड्याचा पीळदार चमचा घेतला. लाकडी बत्ता घेतला, पुदिना ठेचायला म्हणे. ग्लास मात्र प्रत्येक जातीचा एकेक आणला, आधी वापरून बघू म्हणून. उंच ग्लास बाद झाला. त्यातला शेवटचा घोट घ्यायला मान मागे टाकावी लागते, आणि आईला मान मागे टाकायची नाहीये. पोटात फुगीर असतो तो ग्लास नाकाला लागतो. उंच दांडीचा, अगदी पातळ काचेचा एक होता, तो फुटला. कोणाला लागलं नाही.

आता तुला विचारायचं ते असं. एक, गुठळ्या न होता पावडर मिसळायची कशी? दोन, मान सरळ ठेवून तळापर्यंत पिता येईल असा ग्लास असतो का, आणि त्याला काय म्हणतात? तीन, चिकटपणा जिभेला कळणार नाही अशी चव कोणती?

तू बारमध्ये नोकरी धरलीस तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, "गणितात पहिली आलेली मुलगी आता लोकांना दारू मोजून देणार." तेव्हापासून तुमचं दोघींचं बोलणं बंद. मी त्यावर काही लिहीत नाही. लिफ्टमध्ये दोन माणसं भांडायला लागली की मी छताकडे बघतो, हा माझ्या नोकरीचा नियम होता आणि घरातही मी तोच पाळला. पण हे जे विचारलंय ते धंद्यातलं आहे. धंद्यातल्या माणसाने धंद्यातलं विचारलेलं सांगावं.

जेवणाची वेळ चुकवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. मी तुला लिहिलंय हे आईला माहीत नाही. तूही तिला सांगू नकोस. म्हणजे तू सांगणार कशी, ते आहेच.


९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पार्सल मिळालं. कागदावर ना मायना ना सही, वर एक, दोन, तीन आणि खाली चार, पाच, सहा. लिफ्टच्या कंपनीकडून यायचं तसं. वाचून फार बरं वाटलं. चाळीस वर्षं मी अशाच कागदांवर भरवसा ठेवला. कंपनीने लिहिलंय तसं करायचं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही, म्हणजे लिफ्ट पडत नाही. हाताखालच्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो.

तू पाठवलेला तो डमरूसारखा दुहेरी पेला, जिगर, भलताच आवडला. एका बाजूला मोठं माप, दुसऱ्या बाजूला निम्मं. चमच्याने पावडर मोजायचो तेव्हा कधी शिगोशीग, कधी कमी, आणि मग कधी खीर, कधी पाणी. आता रोज एकसारखं होतं. बारीक जाळीची गाळणीही कामाची आहे. तू लिहिलंस तसं आधी पावडर आणि थोडंसं पाणी शेकरमध्ये घालून जोरात हलवायचं, मग बाकीचं घालायचं, मग गाळायचं आणि थोडा वेळ तसंच ठेवायचं. एक गुठळी राहिली तर नाव बदलीन.

पहिल्या दिवशी मी झाकण नीट दाबलं नव्हतं. संत्र्याचा रस छतापर्यंत गेला. आई हसली. भिंगरी, कितीतरी दिवसांनी हसली. हसताना तिचा

तर ते असो. ग्लासही मिळाला. पसरट तोंडाचा, आखूड दांडीचा, उथळ. दुकानदार म्हणाला याला कूप म्हणतात. मी म्हटलं, माहीत आहे. त्याने मला पुन्हा खुर्ची दिली. मी जाड काचेचे घेतले. आई तो दोन्ही हातांनी धरते, कठड्याला टेकून. मान सरळ राहते. दिसते पण झोकात, खोटं कशाला सांगू.

आता गुण. आई प्रत्येक ग्लासाला दहापैकी गुण देते, सवय जाते कुठे. लिंबू-पुदिन्याला चार. नुसत्या आल्याला दोन, वर शेरा, "घसा आहे, गटार नव्हे." संत्रं, आलं आणि चिमूटभर मीठ, हा तुझा पाचव्या नंबरचा, त्याला सहा. सहा म्हणजे तिच्याकडे पहिला वर्गच. पण सहा गुणांचासुद्धा ती अर्धाच पिते. उरलेला अर्धा मला. सध्या मीच घरात सगळ्यात टवटवीत आहे.

तिने विचारलं, हे सगळं कुठून शिकलात? मी म्हटलं, पुस्तकातून. "कुठल्या?" म्हणाली. मी म्हटलं, ग्रंथालयातल्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शेकर धुवायला उठून गेलो. धुतलेलाच होता.

तू विचारलंस पावडर कसली, डब्यावर काय नाव आहे. शक्तीची आहे. डबा आत्ता हाताशी नाही.

तू हेही विचारलंस की आईला मान मागे टाकायची का नाही. वय झालं की मानेचं काही ना काही निघतंच. माझीही कटकट करते.

दर आठवड्याला एक बाई घरी येतात, आईकडून व्यायाम करून घेतात. चांगल्या आहेत, तरुण आहेत, आवाज मऊ आहे पण माघार घेत नाहीत. बार पाहून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ग्लासाची निवड उत्तम, कोणी सुचवली? मी म्हटलं, आहे एक ओळखीचं, त्या धंद्यातलं. आई तेव्हा खिडकीकडे बघत होती. जाताना बाई मला दारापर्यंत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, काका, चव-रंग सगळं छान आहे, पण पोटात जातंय ते कमी पडतंय. काकूंचं वजन उतरतंय. या महिनाअखेरपर्यंत पिणं वाढलं नाही तर मग दुसरा उपाय करावा लागेल. तो उपाय आईला नको आहे. मला तर तो डोळ्यांसमोरही नको

(इथे दोन ओळी खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.)

तर मला असं एखादं हवंय जे ती संपवील. सात-आठ गुणांचं. तू जे काही तुझ्या गिऱ्हाइकांना देतेस आणि ती दुसरा मागतात, तसलं. दारू सोडून. आई काय आवडीने प्यायची ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उन्हातून घरी आलात की तुम्ही दोघी स्वयंपाकघरात काहीतरी खलबतं करायचात आणि मला रिकामा ग्लास दाखवायचात. ते काय होतं हे मला कधीच कळलं नाही.

घाई आहे असं नाही. पण जमलं तर लवकर लिही.

तुझा,
बाबा


२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. इथे ठीक नाही.

हे पत्र मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितोय. दुपारची वेळ आहे, आत कोणाला सोडत नाहीत. काल तुला फोन केला होता. तू उचललास. मागे ग्लासांचा आवाज येत होता, कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मी म्हटलं, "कशी आहेस?" तू म्हणालीस, "हं." आणि माझ्या तोंडून "बरं" निघालं आणि मी फोन ठेवला. ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसलो. म्हणून आता कागद. आजच्या कुरिअरने जाईल.

सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा जमणार नाही.

डिसेंबरात आईच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि ती मला काहीतरी सांगत होती, पण शब्द जुळत नव्हते. डावा हात आणि पाय लुळा पडला, चेहरा एका बाजूला ओघळला. म्हणून आरसा नको म्हणाली. हात-पाय बरेचसे आले, बोलणं आलं, जड आहे पण समजतं. गिळणं मात्र आलं नाही. पाण्यासारखं पातळ काही असलं तर तिच्या घशाला ते आवरत नाही, अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, आणि तिथून फुप्फुसात. म्हणून सगळं दाट करून द्यायचं. ती पावडर शक्तीची नव्हती. दाट करायचीच होती. डबा माझ्या समोरच होता, भिंगरी, मी लिहीत होतो तेव्हा.

व्यायामाच्या बाई म्हणजे गिळायला शिकवणाऱ्या बाई. आणि दुसरा उपाय म्हणजे नाकातून पोटात नळी.

तुला का कळवलं नाही, तर आईने बजावलं होतं. बोलणं आल्यावर पहिलं लांबलचक वाक्य तिने हेच उच्चारलं. म्हणाली, "तिला कळवायचं नाही. दयेपोटी आलेली मुलगी मला नको. यायची तर रागाने येऊ दे, भांडायला येऊ दे." मी हो म्हटलं. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा त्यांनी एक प्लॅस्टिकचा कप दिला होता, झाकणाचा, चोचीचा. आईने तो एकदा तोंडाला लावला आणि टेबलावर ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला त्याआधी एकदाच रडताना पाहिलं होतं, तू गेलीस त्या दिवशी, तू जिना उतरल्यावर. म्हणाली, "मी काय तान्ही आहे?" दुसऱ्या दिवशी मी काचसामानाच्या दुकानात गेलो. बार असा सुरू झाला. मला वाटलं, ग्लास मोठ्या माणसाचा असला तर ती पिईल. आणि मला हेही वाटलं की बार म्हटलं तर तुला लिहायला मला निमित्त मिळेल. यातलं कुठलं आधी वाटलं ते आता सांगता येत नाही.

आता पुढचं. हे तुला न सांगताही भागलं असतं.

तुझा दुसरा कागद आला. तुमचं ते गुपित कैरीचं पन्हं होतं तर; कैरी अजून कोवळी असेल म्हणून तू हिरवं सफरचंद सुचवलं होतंस, त्यात लिंबू, मध, मीठ, आणि शेवटी लिहिलं होतंस, ग्लास आधी फ्रीजमध्ये ठेवा, वर बर्फाचा चुरा भरपूर घाला, गारेगार असलं की चिकटपणा जिभेला कळत नाही. आणि त्याखाली, नंबर न घालता, "हे आईला आवडेल." मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तसाच बाजारात गेलो आणि सफरचंदं आणली.

बाईंनी फ्रीजवर कागद चिकटवला होता, "पातळ काहीही द्यायचं नाही." तो मला पाठ होता. तुझा कागदही पाठ होता. दोन्ही कागद मी पाळले. बर्फ पातळ कुठे असतो? बर्फाइतकं घट्ट घरात दुसरं काय आहे? कंपनीने लिहिलंय तसं करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मी फडक्यात गुंडाळून, लाकडी बत्त्याने, छान एकसारखा चुरा केला.

आईने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग तिने ग्लास खाली ठेवलाच नाही. बाईंनी शिकवलं होतं की घोट लहान, हनुवटी खाली, मध्ये थांबायचं, दोनदा गिळायचं. ते सगळं ती विसरली. उन्हातून घरी आलेल्या माणसासारखी प्यायली. सगळा ग्लास. तळाला बर्फाचं पाणी झालं होतं, तेही. मी तिथे उभा राहून बघत होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की मी तिला थांबवलं नाही.

"नऊ," म्हणाली.

मी म्हटलं, "एक कुठे कापला?"

"दहा दिले की मुलं अभ्यास सोडतात." आणि मग म्हणाली, "हे पुस्तकातलं नाही." मी बत्ता पुसायला घेतला. ती म्हणाली, "मला कधीपासून माहीत आहे. त्या संत्र्यातल्या मिठापासून. मीठ घालायला मीच तिला शिकवलं."

मग तिला खोकला आला. थोडा आला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलं होतं, संध्याकाळपर्यंत श्वास घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले फुप्फुसात पाणी गेलं, त्याने न्यूमोनिया झाला. बर्फ तोंडात वितळतो आणि वितळला की पाणीच होतो, हे मला बाईंनी सांगितलं, अगदी हळू आवाजात, आणि माझ्या हातावर हात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता नीट वाच. बर्फ तुझा नव्हता. तू धडधाकट आईसाठी सांगितलंस, कारण मी तुला तीच दाखवली. खरी आई मी तुझ्यापासून लपवली, आणि तुझा उपाय त्या लपवलेल्या आईला पाजला. तुला जरा जरी माहीत असतं तर तू बर्फाचं नाव काढलं नसतंस. तू दोन प्रश्न विचारलेस, पावडर कसली, मान का नाही. तू बरोबर जागी बोट ठेवलं होतंस. मी टाळलं. यात तुझी रतीभरही चूक नाही, हे मी तुला शपथेवर सांगतो, आणि तरी तू स्वतःला बोल लावत बसशील हेही मला माहीत आहे, कारण तू तुझ्या आईची मुलगी आहेस.

मग सांगितलं कशाला? तर तू आलीस की पहिला ग्लास तूच करणार, आणि तुझा हात सवयीने बर्फाकडे जाणार. म्हणून.

आजची स्थिती अशी. ताप उतरलाय. छाती साफ होतेय, डॉक्टरांच्या मते धोका टळलाय. नाकात नळी आहे, तिच्यातून सगळं जातं, आणि आई आपल्या नाकाशी चाललेल्या त्या प्रकाराकडे परक्याच्या घरातलं भांडण बघावं तशी बघते. बाई म्हणतात, नळी कायमची ठरवायची घाई नको. आता पुन्हा चमच्या-चमच्याने सुरुवात करता येईल, पण तिने स्वतः तोंड उघडलं पाहिजे. आणि ती उघडत नाही. बाई रोज दाटसर पाण्याचा चमचा घेऊन येतात, गोड बोलतात, दटावतात, आणि तोच चमचा घेऊन परत जातात. मी देऊन बघितला. ती माझ्याकडे रागाने बघत नाही, यानेच मी घाबरलोय. रागावली असती तर मला तिचा स्वभाव माहीत आहे. आता ती नुसती ओठ मिटून पडलेली असते, आणि मला कळत नाही की तिला घशाची भीती बसलीय की तिने मनातून सोडून दिलंय. तोंड किती दिवस असं मिटून ठेवलं तर गिळणं परत येत नाही, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी आकडा सांगितला नाही.

मला एकट्याला हे झेपत नाही, भिंगरी. मी आयुष्यभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढत आलो. दार कुठून उचकटायचं ते मला ठाऊक असायचं. इथे मला ते माहीत नाही.

आज सकाळी मी तिला सांगितलं की दिलेला शब्द मी मोडतोय, तुला सगळं लिहितोय. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "कळवा."

मी म्हटलं, "काय कळवू? आजारी आहेस असं?"

तिने मानेने नाही म्हटलं.

"हॉस्पिटलात आहेस असं?"

नाही.

"मग काय लिहू?"

तिने जीभ ओठांवरून फिरवली. ओठ सुकून भेगाळलेत, मी रोज पाण्याचा बोळा फिरवतो तरी. नळीमुळे आवाज फुटत नव्हता, म्हणून मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"तहान लागलीय म्हणावं."

एवढंच. याचं उत्तर लिहीत बसू नकोस.

तुझा,
बाबा